झान दिएलमानच्या घरात तीन दिवस: संथ युरोपियन सिनेमा पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

तीन तास एकवीस मिनिटांचा सिनेमा. त्यात एक बाई बटाटे उकडते, बूट पॉलिश करते, पलंग आवरते, बाजारात जाते, मुलाला जेवायला वाढते. कॅमेरा जागचा हलत नाही. पार्श्वसंगीत नाही. असं कुणी सांगितलं तर "हे मी का पाहू?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण हा सिनेमा माझ्या आयुष्यात फार आतपर्यंत जाऊन बसला आहे. तो पाहायला बसलेली माणसं तासाभरात उठून गेली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ती जिथून उठतात, तिथूनच पुढे त्याची पकड घट्ट होणार असते. म्हणून हा लेख. युरोपातले संथ, अवघड म्हणून ओळखले जाणारे सिनेमे पुष्कळ आहेत. मी एकच हातात धरून सांगते. हा एक नीट पाहिलात तर बाकीच्यांची वाट आपोआप सापडते.

सिनेमाचं नाव आहे 'झान दिएलमान, २३, के द्यू कोमेर्स, १०८० ब्रुसेल'. नाव कसलं, पोस्टाचा पत्ताच तो. नायिकेचं नाव, घरक्रमांक, रस्ता, पिनकोड, शहर. बेल्जियमच्या शांताल आकेरमानने तो १९७५ मध्ये केला. फ्रान्समधल्या कान इथल्या चित्रपट महोत्सवात 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा तिला पंचवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या खेळाला लोक उठून जात होते आणि खुर्च्या आपटल्याचे आवाज ऐकू येत होते, अशी आठवण तिने पुढे सांगितली आहे. ब्रिटनमधलं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना आणि अभ्यासकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. २०२२ च्या फेरीत १,६०० हून अधिक जणांनी मतं दिली आणि पहिला क्रमांक 'झान दिएलमान'ला मिळाला. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या यादीत अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ.

हा क्रमांक वाचून सिनेमा लावणार असाल तर एक विनंती. जगातला सर्वोत्तम सिनेमा पाहतोय अशा तयारीने बसू नका. तसं बसलं की दर पाच मिनिटांनी मन विचारतं, "यात एवढं काय आहे?" एका बाईच्या घरी तीन दिवस राहायला चाललोय, एवढंच मनात ठेवा.

आधी कथा माहीत करून घ्या

कथा आधी कळली तर मजा जाईल ही भीती इथे बाळगू नका. शेवट मी सांगणार नाही, पण सुरुवातीची माहिती हाताशी असलेली बरी.

झान विधवा आहे. मुलगा सिल्व्हँ शाळेत जातो, किशोरवयाच्या शेवटाकडे आलेला. घर लहान: स्वयंपाकघर, लांबट बोळ, बैठकीची खोली, झानची झोपायची खोली, न्हाणीघर. मुलगा बैठकीच्या खोलीतच सोफा उघडून झोपतो. दुपारी रोज एक पुरुष येतो. झान त्याच्याबरोबर झोपायच्या खोलीत जाते, तो पैसे देऊन जातो, ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या झाकणवाल्या भांड्यात टाकते. घर त्यावर चालतं. हे सगळं पहिल्या काही मिनिटांतच कळतं, आणि सिनेमा त्याचा गाजावाजा अजिबात करत नाही. दार बंद होतं, कॅमेरा बाहेर बोळातच राहतो, आणि पुढच्या क्षणी बोळात अंधारून आलेलं असतं. वेळ गेला, एवढंच आपल्याला कळतं.

सिनेमात तीन दिवस आहेत, मंगळवार ते गुरुवार. एक दिवस संपला की तशी पाटी पडद्यावर येते. मध्ये उठायचं असेल तर त्या पाटीलाच उठायचं. पाय मोकळे करा, पाणी प्या, फोनला मात्र हात लावू नका.

वेळ आणि जागा

पहिल्यांदा मी हा सिनेमा रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉपवर लावला होता. दिवसभराची दमलेली, पलंगावर लोळून. पाऊण तासात झोप लागली आणि पुढची दोन-तीन वर्षं मी "आपल्याला नाही बाई जमत असले सिनेमे" असं स्वतःला समजावत राहिले. दोष सिनेमाचा नव्हता आणि माझ्या समजेचाही नव्हता. वेळ चुकली होती.

रविवारची सकाळ उत्तम. सकाळी नऊला बसलात तर मधली विश्रांती धरून एकपर्यंत मोकळे. दुपारी जेवून लगेच बसू नका. टीव्ही असेल तर टीव्हीवर पाहा, लॅपटॉपच असेल तर टेबलावर ठेवून खुर्चीत ताठ बसून पाहा. खोलीत अंधार हवा, कारण या सिनेमात दिवे लावणं-मालवणं हा मोठा भाग आहे आणि पडद्यावर उजेड पडला की ते दिसतच नाही. आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा. संवाद ऐकायला नव्हे. भांड्यांचा, टाचांचा, नळाचा, दिव्याच्या खटक्यांचा आवाज ऐकायला.

फोन दुसऱ्या खोलीत. हे मी फार कळकळीने सांगते. वेगवान सिनेमात दहा सेकंद फोन पाहिला तर गोष्ट पुढे गेल्याचं लक्षात येतं आणि आपण विचारतो, "काय झालं?" इथे दहा सेकंद फोन पाहिला तर काहीच घडलं नाही असं वाटतं. आणि नेमकं त्याच दहा सेकंदांत काहीतरी निसटलेलं असतं.

वेग वाढवून पाहू नका. दीडपट वेगाने पाहिलेला 'झान दिएलमान' हा वेगळाच सिनेमा आहे. त्यात बाई घाईत दिसते, आणि मूळ सिनेमातली बाई कधीच घाईत नसते. निदान सुरुवातीला तरी.

सबटायटलची चिंता करू नका. भाषा फ्रेंच आहे, पण बोलणं फारच थोडं. कॅनडातल्या बहिणीचं पत्र ती मुलाला वाचून दाखवते ते एकसुरी आणि भरभर, तेवढं जरा धावत वाचावं लागतं. रात्री दिवा मालवताना मायलेकांचं बोलणं होतं, तेही लक्षपूर्वक वाचा. बाकी वेळ डोळे मोकळे.

आधी सराव हवा असेल तर घरचाच एक सिनेमा सुचवते. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) तुम्ही पाहिला असेल. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांबून, स्थिर राहून पाहतो. सरकारी वकील झालेली गीतांजली कुलकर्णी कोर्टातून निघते, लोकलने घरी येते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते, घरातले टीव्ही पाहत असतात. कथेच्या दृष्टीने त्या प्रसंगात काहीच पुढे सरकत नाही. तरी त्यानंतर कोर्टात ती उभी राहिली की आपण तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. 'झान दिएलमान' पाहायला लागते ती नजर हीच, फक्त तीन तास टिकवायची.

पहिला दिवस: घर पाठ करा

आता मुख्य गोष्ट. या सिनेमाचा पहिला दिवस म्हणजे ठेव आहे. तो जितका नीट पाहाल, तितकं पुढे व्याज मिळेल. बहुतेक नवखे प्रेक्षक इथेच फसतात. पहिला दिवस 'ओळख' म्हणून जाऊ देतात आणि खरी गोष्ट कधी सुरू होते याची वाट पाहत बसतात. गोष्ट सुरू झालेली असते.

पहिल्या वीस मिनिटांत घराचा नकाशा मनात काढा. हवा तर कागदावर काढा, मी दुसऱ्या वेळी काढला होता. बोळ कुठे, स्वयंपाकघराचं दार कुठे, न्हाणीघर कुठे. मग झानच्या मागोमाग जा. ती खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवते, दुसऱ्या खोलीत शिरताना लावते. प्रत्येक वेळी. पाच पावलांवर परत यायचं असलं तरी मालवते. ही विजेची काटकसर आपल्या घरांतही ओळखीचीच आहे, त्यामुळे आधी हसू येतं. हळूहळू लक्षात येतं की ही नुसती काटकसर नाही, हा तिचा ताल आहे. दार, दिवा, टाचांचा टकटक आवाज, दार, दिवा.

मग बटाटे. सिनेमा सुरू होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात आहे. बटाट्यांचं पातेलं गॅसवर चढतं आणि दाराची बेल वाजते. पुरुष येतो, त्याची हॅट-कोट ती घेते, दोघं खोलीत जातात. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात येते तेव्हा बटाटे बरोबर शिजलेले असतात. त्या भेटीला किती वेळ लागतो हे तिला इतकं पक्कं ठाऊक आहे. घड्याळ नाही, शिट्ट्या मोजणं नाही. मग आंघोळ, अंग घासघासून, आणि आंघोळीनंतर टबही तितकाच घासून. मग टेबल मांडणं, मुलाचं येणं, आधी सूप, मग मांस आणि बटाटे. जेवताना मुलगा वाचत असतो, ती त्याला वाचू नको म्हणते.

दुसऱ्या दिवसाची सकाळही अशीच पाहा. मुलाचे बूट पॉलिश करणं, कॉफी, पलंग आवरणं, बाजारहाट, शेजारणीचं तान्हं बाळ थोडा वेळ सांभाळणं. शेजारीण दारातच उभी राहून बोलत सुटते, तिचा फक्त आवाज ऐकू येतो. तो आवाज शांताल आकेरमानचा स्वतःचा. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तुम्हाला झानचा दिवस जवळजवळ पाठ झालेला असला पाहिजे. तिने काय करायला घेतलं की पुढे काय करणार, हे तुम्हाला आधी सांगता आलं पाहिजे.

कंटाळा आला की

कंटाळा येणार. न लपवता सांगते, मला आजही एका जागी येतो. मात्र कंटाळा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोप येत असेल तर सिनेमा बंद करा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा, त्यात काही कमीपणा नाही. कंटाळा येत असेल तर मात्र बसून राहा. तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो. कीर्तनात किंवा शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत बसलेल्यांना हे माहीत आहे. विलंबित ख्यालाची पहिली दहा मिनिटं चुळबूळ होते, मग केव्हातरी कान त्या लयीला लागतो, आणि समेवर येण्याची वाट आपणही पाहू लागतो.

चुळबूळ सुरू झाली की मी स्वतःला साधे प्रश्न विचारते. आत्ता तिचे हात काय करताहेत? चेहऱ्याकडे नको, हातांकडे पाहायचं. आवाज कोणकोणते येताहेत, आणि रस्त्यावरचा येतोय का? हा शॉट केव्हा तुटेल? काम संपल्यावर, की ती चौकटीबाहेर गेल्यावरही रिकामी खोली थोडी दिसत राहील? शेवटचा प्रश्न विचारायची सवय लागली की एकदम गंमत वाटू लागते. आपण संकलकाच्या शेजारी जाऊन बसतो.

काय करू नये, तेही सांगते. प्रतीकं शोधू नका. "बटाटे कशाचं प्रतीक आहेत?" हा प्रश्न मला रसास्वाद शिबिरांत हमखास ऐकू येतो. बटाटे बटाटेच आहेत. ते शिजायला ठराविक वेळ लागतो, आणि त्या वेळेवर एका बाईचं आयुष्य उभं आहे. याहून खोल अर्थ लावायची गरज नाही.

कॅमेरा असा का उभा आहे

थोडं तंत्र कळलं तर पाहायला सोपं जातं. छायाचित्रण बाबेत मांगोल्त हिचं. कॅमेरा सगळीकडे स्थिर. तो वळत नाही, पुढे सरकत नाही, चेहऱ्याजवळ जात नाही. माणूस चौकटीत येतो आणि जातो. बोलणाऱ्या दोघांचे आलटून-पालटून चेहरेही नाहीत. कॅमेऱ्याची उंचीही नेहमीपेक्षा कमी, कारण आकेरमान स्वतः बुटकी होती आणि तिला तिच्याच नजरेच्या उंचीवरून पाहायचं होतं.

क्लोजअप नसल्यामुळे कुठे पाहायचं हे आपल्याला कुणी सांगत नाही. नेहमीच्या सिनेमात महत्त्वाची वस्तू मोठी करून दाखवतात आणि वर संगीताचा ठोका देतात. इथे महत्त्वाची वस्तू टेबलावर पडून असते, बाकीच्या वस्तूंएवढीच. ती शोधायचं काम आपलं. म्हणून तर पहिला दिवस पाठ करायला सांगितला.

झानची भूमिका करणारी देल्फीन सेरिग ही तेव्हाची नावाजलेली, देखणी, तलम आवाजाची अभिनेत्री. बैरूतमध्ये जन्मलेली. तिला घेण्यामागे आकेरमानचा स्पष्ट विचार होता. रोज भांडी घासणारी बाई भांडी घासताना कुणाला दिसतच नाही. सेरिगसारखी 'लेडी' भांडी घासू लागली की लोक पाहतात. सिनेमात चुंबन आणि मोटारीचा अपघात यांना वरची पायरी मिळते आणि भांडी घासण्याला सगळ्यात खालची, असं आकेरमान म्हणायची. ती उतरंड तिला मोडायची होती. तिच्या चमूत बहुतांश बायका होत्या. १९७५ मध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यापासून मला हा सिनेमा वेगळा दिसू लागला. आकेरमानचं कुटुंब पोलंडहून आलेलं ज्यू. तिची आई नातालिया ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेली. त्यानंतर ब्रुसेल्समध्ये तिने घर केलं, आणि घरात त्या दिवसांबद्दल बोलणं नव्हतं. हा सिनेमा आईसाठी, आईसारख्या बायकांसाठी प्रेमाने केला, असं आकेरमानने सांगितलं आहे. झानच्या तोंडी छावणीचा उल्लेखही नाही. पण दिवसाचा एकेक तास कामाने भरून टाकणारी, एकही क्षण रिकामा न ठेवणारी बाई पाहताना, रिकाम्या क्षणात काय येत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवसाची दुपार

इथे मी आईबरोबर पाहिलेल्या वेळेबद्दल सांगते. माझी ती दुसरी खेप. आई सिनेमा पाहायला अशी बसलीच नव्हती, मेथीची जुडी घेऊन निवडत बसली होती. पहिल्या दिवसभर तिचं आपलं अधूनमधून चाललेलं, "चादर छान ताणते गं," "एवढ्याशा स्वयंपाकघरात किती नेटकं ठेवलंय." मी मनात म्हणत होते की आता ही उठेल.

दुसऱ्या दिवशीचा पुरुष आला आणि गेला. झानने पैसे सूपच्या भांड्यात टाकले आणि ती निघाली. आई म्हणाली, "झाकण राहिलं." मला दिसलंच नव्हतं. मी सिनेमावर चार पुस्तकं वाचून बसलेली, आणि मला झाकण दिसलं नव्हतं. आईला दिसलं, कारण डब्यांची झाकणं लावण्यात तिची पन्नास वर्षं गेली आहेत.

मग झान स्वयंपाकघरात जाते. बटाटे जास्त शिजलेत. एवढंच. आपल्याकडे असं झालं तर भाजी मऊ होईल, फार तर कुणी नाक मुरडेल. ती मात्र ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते. न्हाणीघरात जाते, परत येते, ते कुठे टाकावं हे तिला सुचत नाही. केस विस्कटलेले आहेत. शेवटी टाकून देते, बाहेर जाऊन बटाटे घेऊन येते आणि सोलायला बसते. कॅमेरा समोर, टेबलाच्या पलीकडे. बटाटा हातात फिरतो, सालाची पट्टी सुटते, चाकू मध्येच थांबतो, पुन्हा चालू लागतो. काल हेच हात सुरळीत चालत होते. आज त्यांच्यात अडखळ आहे. आईने मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हिचं काहीतरी बिनसलंय."

तिथपासून शेवटपर्यंत आई हलली नाही.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं आहे की दुसऱ्या दिवशीच्या दुपारी डोळ्यांत तेल घालून बसा. झाकण आणि बटाटे मी सांगून टाकले, बाकीचे तुम्ही शोधा. काही अगदी बारीक आहेत. खोलीतला एखादा दिवा, हातातून सुटणारी वस्तू, कपड्याची एखादी गुंडी. एक चूक दिसली की पुढची आपोआप दिसते, आणि मग छातीत धडधडू लागतं. भयपटात दाराच्या कुरकुरण्याने जे होतं, ते इथे चमचा खाली पडल्याने होतं. मी अतिशयोक्ती करत नाही. माझ्या मैत्रिणीने त्या क्षणी माझा हात धरला होता.

तिसरा दिवस आणि शेवटची सात मिनिटं

तिसऱ्या दिवशी वेळापत्रक उसवत जातं. कामं वेळेआधी उरकतात आणि मध्ये पोकळ वेळ उरतो. ती खुर्चीत नुसती बसते. असं बसलेलं आपण तिला आधी पाहिलेलंच नाही. कॉफी बिघडते. ती चव घेते, दूध तपासते, ओतून देते, पुन्हा बिया दळून, फिल्टरमधून पाणी थेंबथेंब उतरू देऊन नवी करते. नेहमीच्या कॅफेत नेहमीच्या जागी दुसरंच कुणी बसलंय. कोटाला जुळणारं बटण मिळावं म्हणून ती दुकानांमागून दुकानं हिंडते. बाळाला उचलून घेतलं की ते रडतं. खिमा मळण्याचा एक लांब शॉट आहे. मळून झाल्यावरही ती मळतच राहते. तो पाहताना पीठ मळणारे आपले स्वतःचे हात आठवतील, आणि विचारात हरवून गरजेपेक्षा जास्त मळलेला एखादा गोळाही.

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की शेवटचा शॉट सुमारे सात मिनिटांचा आहे. झान टेबलाशी बसलेली. खोलीत दिवा नाही. रस्त्यावरच्या निऑनचा निळसर उजेड काचेवर लुकलुकतोय. तोच उजेड पहिल्या संध्याकाळपासून त्या खोलीत लुकलुकत होता. या सात मिनिटांत उठू नका, 'संपला वाटतं' म्हणून दिवा लावू नका. तीन तास आपण या बाईला सतत काहीतरी करताना पाहिलं. आता ती काहीही करत नाही, आणि तिच्याबरोबर बसून राहणं एवढंच आपल्या हातात आहे.

पाहून झाल्यावर

लगेच परीक्षणं उघडू नका. आधी दहा ओळी लिहा: काय दिसलं, कुठला आवाज लक्षात राहिला, कुठे कंटाळा आला. 'अर्थ' लिहू नका, पाहिलेलंच लिहा. दुसऱ्या दिवशी वाचाल तेव्हा त्यात तुमचा स्वतःचा अर्थ सापडेल. आवडला नाही तर तेही लिहा आणि खुशाल तसं म्हणा. समजला नाही म्हणजे आपण कमी, हा न्यूनगंड या सिनेमांभोवती विनाकारण जमलेला आहे, आणि तो दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

सोबत मिळाली तर फार बरं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून असे सिनेमे दाखवत आलं आहे, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि अनेक गावांत छोट्या फिल्म सोसायट्या आणि रसास्वाद शिबिरं चालतात. अंधाऱ्या सभागृहात शंभर माणसांनी एकत्र श्वास रोखून बटाटे सोलणं पाहणं हा घरी न मिळणारा अनुभव आहे. तशी सोय नसेल तर चार जण घरी बोलवा. त्यात निदान एक जण घरकाम करणारा हवा, वयाने मोठा असला तर उत्तम.

पुढे काय पाहावं? आकेरमानचाच 'न्यूज फ्रॉम होम' लहान आहे. त्यात न्यूयॉर्कचे रस्ते दिसत राहतात आणि आईने पाठवलेली पत्रं लेक वाचत राहते. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो फार जवळचा वाटेल. मग मणी कौलचा 'उसकी रोटी' (१९६९) पाहा. रोटी घेऊन रस्त्याच्या कडेला नवऱ्याची वाट पाहणारी बाई, आणि तो वाट पाहण्याचा वेळ. हंगेरीच्या बेला तारचा 'सातानटँगो' सात तासांहून मोठा आहे, तो अगदी नंतरसाठी राखून ठेवा.

पण त्याआधी 'झान दिएलमान'चा पहिला दिवस तेवढा पुन्हा लावा. सगळं माहीत असताना तो पाहायचा. तोच बोळ, तेच दिवे, बरोबर शिजलेले बटाटे, भांड्यावर नीट बसलेलं झाकण. मला त्या झाकणाकडे आता बघवत नाही.

त्या रविवारी सिनेमा संपल्यावर मी आईला विचारलं, कसा वाटला? ती पडद्याकडेच पाहत होती. मेथी तशीच पडलेली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरगा येईल गं आता शाळेतून."